खानापूर–बेळगाव, परतीसह

तुम्ही खानापूर स्टेशनच्या तिकीट खिडकीसमोर उभे आहात. खिडकी कसली, भिंतीतलं कमानदार भोक. हात कोपरापर्यंत आत घातल्याशिवाय बाबूला पैसे दिसत नाहीत. तो लाकडी फडताळाच्या खणातून पुठ्ठ्याचं एक तिकीट ओढतो, काडेपेटीएवढं, आणि शेजारच्या लोखंडी यंत्राच्या फटीतून सारतो. ठक्. तिकिटावर तारीख उमटते. ती आधी वाचा. तुम्ही कुठल्या साली येऊन पडलात हे दुसरं कुणी सांगणार नाही.

ऑक्टोबर १८९२.

म्हणजे रूळ अजून नवे आहेत. सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी उभी राहून पुरती दहा वर्षं झालीत. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात या मुलखात माणसं पटापट मेली, आणि धान्य एकीकडून दुसरीकडे न्यायला रूळ हवेत हे सरकारला तेव्हा कळलं. कापूस बंदरावर न्यायला रूळ हवेत हे व्यापाऱ्यांना त्याच्या आधीपासून माहीत होतं. पलीकडून पोर्तुगीजांच्या मार्मागोव्याचा रूळ घाट चढून कॅसलरॉकला आला, अलीकडून हा लोंढ्यावरून जाऊन त्याला भिडला. दोन्हीही मीटर गेज. डबे अरुंद, समोरासमोरच्या बाकांवरच्या माणसांचे गुडघे एकमेकांना लागतात.

खानापूर ते बेळगाव पंचवीसेक किलोमीटर. तुमच्या वडिलांनी हे अंतर बैलगाडीनं तोडलं. पहाटे जुंपली की दिवस मावळताना शहर. मग धर्मशाळेत किंवा पाहुण्याकडे मुक्काम, दुसऱ्या दिवशी कोर्ट, तिसऱ्या दिवशी परत. कोर्टाच्या एका तारखेला शेतातले तीन दिवस जायचे. आज मात्र तुमच्या धोतराच्या सोग्यात दुपारची भाकरी बांधलेली आहे आणि रात्रीची घरी सांगून ठेवलेली आहे. वेळापत्रक जुळलं, वकील भेटला आणि गाडी चुकली नाही, तर शहरात जाऊन आल्याची खूण म्हणून अंगावर फक्त कोळशाची काजळी राहील. हे नवीन आहे. आगगाडीनं लोकांना गावातून उचलून मुंबईच्या गिरण्यांत नेऊन टाकलं, असं आपण शाळेपासून वाचत आलो, आणि कोकणाच्या, सातारच्या बाबतीत ते खरंच आहे, मग त्यांची वाट बोटीची असो की गाडीची. पण या छोट्या पट्ट्यात रुळानं एक उलटं काम केलं. माणसाला शहरातली कमाई दाखवली आणि रात्री त्याला त्याच्या भाताच्या बांधावर आणून सोडलं.

याच महिन्यात कोल्हापूरहून एक तरुण संन्यासी बेळगावात येऊन राहिलेला आहे. आधी भाटे नावाच्या गृहस्थांकडे, मग हरिपद मित्र या जंगलखात्यातल्या बंगाली अधिकाऱ्याकडे. पुढच्या वर्षी शिकागोत त्याचं नाव दुमदुमेल. बेळगावचा मुक्काम आटोपून तो गोव्याकडे जाईल; तो रूळ याच खानापुरावरून जातो. तुम्ही फलाटावर असाल, तर भगव्या कफनीतला एक माणूस खिडकीत दिसेलही. ओळखण्याचं काही कारण नाही. गाडी इथं थोडाच वेळ थांबते.

ठक्.

डिसेंबर १९२४. तिकिटावर कंपनीचं नाव लांबलंय: मद्रास अँड सदर्न मराठा. हवेत गारठा आहे, तुमच्या पायाशी दुधाची कासंडी आहे, आणि डब्यात पाय ठेवायला जागा नाही. खादीच खादी. लोंढ्याकडून, हुबळी-धारवाडकडून माणसं भरून आलीत. कानडी, मराठी, मध्येच तेलुगू. बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन आहे आणि अध्यक्ष खुद्द गांधी. ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते हे एकदाच, आणि त्यासाठी गाव निवडलं गेलं बेळगाव. गंगाधरराव देशपांड्यांनी सगळं घरच्या कार्यासारखं अंगावर घेतलंय. हर्डीकरांच्या सेवादलाचे स्वयंसेवक फलाटावर ओळीत उभे आहेत आणि तुमच्या कासंडीकडे संशयानं बघतायत.

दूध नेहमीच्या घरी घाला, पैसे कमरेला लावा आणि गर्दीच्या मागून टिळकवाडीकडे चालू लागा. स्टेशनपासून लांब नाही. मोकळ्या माळावर तंबूंचं नगर उठलंय, त्याला नाव दिलंय विजयनगर. पाण्यासाठी मोठी विहीर खोदली, तिचं नाव पंपा सरोवर. तुम्ही शेतकरी आहात. विहिरीच्या कठड्यावर वाकून आत बघितल्याशिवाय तुमचं पाऊल पुढं पडणार नाही. बघा. बांधकाम चांगलं आहे. शंभर वर्षांनीही ती तिथंच असेल, लोक तिला काँग्रेस विहीर म्हणतील.

मांडवाच्या कडेला उभं राहून तुम्हाला एक गाणं ऐकू येतं. स्वागताला गाणाऱ्या मुलींत धारवाडकडची एक अकरा वर्षांची पोर आहे, गंगू. पुढं सगळा देश तिला गंगूबाई हनगल म्हणून ओळखणार. याच अधिवेशनात हुयिलगोळ नारायणरावांचं कन्नड नाडाच्या उदयाचं गीतही गायलं जातं आणि माणसं टाळ्या वाजवतात, मराठीसुद्धा. त्या दिवशी त्यात कुणालाही काही बोचलं नाही. इथले सगळेच मुंबई इलाख्यात होते, आणि शत्रू एकच होता. या गाण्यातल्या मागणीला पुढं बत्तीस वर्षांनी जो आकार आला, त्यानं याच मांडवातल्या माणसांच्या नातवंडांना एकमेकांसमोर मोर्च्यात उभं केलं. तुम्हाला ते आत्ता ठाऊक नाही. मला आहे, आणि ठाऊक असून तिथं उभं राहणं थोडं जड जातं.

गांधींचं भाषण ऐकायचंय तुम्हाला. अंगण भरलंय, माणसं झाडावर चढलीत. पण गाडीची वेळ झालीय. घरी दोन म्हशी आहेत, धार काढायला आईच्या हाताला जोर राहिलेला नाही. अधिवेशन उद्याही आहे, असं मनाशी म्हणत तुम्ही स्टेशनकडे पळता. गांधी बोलायला उभे राहिले तेव्हा तुम्ही देसूरच्या पुढं होतात. आयुष्यभर लोक विचारतील, तू होतास म्हणे तिथं? होतो की. काय म्हणाले गांधी? आणि मग तुम्ही विहिरीचं सांगाल.

ठक्.

जुलै १९७४, सोमवार. या वेळी हातात तिकीट नाही, महिन्याचा पास आहे. प्लास्टिकच्या पिशवीत, तिला रबर, पिशवी शर्टाच्या आतल्या खिशात, कारण बाहेर नुसतं कोसळतंय. इथला पाऊस ठाऊक नसेल तर सांगतो: कणकुंबीच्या डोंगरात, जिथं मलप्रभा उगम पावते, तिथून ढग निघतात ते खानापूरला येईपर्यंत रिते होत नाहीत. नदी लाल झालीय. काल रविवार, दिवसभर तुम्ही गोणपाटाची खोळ डोक्यावर घेऊन चिखलात वाकलेले होतात. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत अजून चिखल आहे, नखं काळी आहेत. आज त्याच हातांनी उद्यमबागेत लेथ चालवायचंय.

वाफेचं इंजिन धापा टाकत येतं. गुंजीकडचा डबा आधीच भरलेला. तुमची जागा ठरलेली आहे: पुढून तिसरा डबा, नदीच्या अंगाची खिडकी. पासवाल्यांच्या जागा कुठं लिहिलेल्या नसतात, पण नवखा कुणी तिथं बसला तर चार जण त्याच्याकडे असं बघतात की तो आपणहून उठतो. समोर कोर्टातले कारकून, शेजारी दवाखान्यातले कंपाउंडर, दारात कॉलेजची पोरं. आर. पी. डी., लिंगराज, जी. एस. एस., कॉलेजचं नाव काही असो, दारातच उभी राहणार.

"बस की गा," कंपाउंडर सरकतात. तिघांच्या बाकावर तुम्ही चौथे. "लावणी आटपली?"

"दोन वाफं ऱ्हायलेत."

"मग आज कशाला आलास?"

"शेट सोडतोय व्हय?"

डब्यातले निम्मे लोक हेच बोलतायत, फक्त वाफ्यांची संख्या वेगळी. बेळगावच्या कारखानदारांना हे पक्कं माहीत आहे. जुलैत आणि सुगीत खानापूरकडचा कामगार दांड्या मारतो. शिव्या घालतात आणि ठेवून घेतात, कारण लेथवरचा हात चांगला आहे आणि पगाराची घासाघीस तो कमी करतो. का कमी करतो? घरचा तांदूळ आहे म्हणून. भाडं द्यावं लागत नाही म्हणून. शहराला हा कामगार स्वस्त पडतो, त्याचं अर्धं पोट बांधावर भरतं. शहराबाहेर राहणं म्हणजे निव्वळ गरिबी असं ज्यांना वाटतं, त्यांनी या डब्यात एकदा बसावं. इथं प्रत्येकाकडे शहरात खोली घेण्याचा हिशेब तोंडपाठ आहे, आणि न घेण्याचाही.

दारापाशी खाली टोपल्या घेऊन बायका बसल्यात. मे महिन्यात यांच्याकडे करवंदं आणि जांभळं असतात. आता पावसाचा माल: पानात गुंडाळलेली अळंबी, कळकाचे कोंब. लोंढा-गुंजीच्या रानातून रात्री-पहाटे वेचायचे, सकाळी बेळगावच्या बाजारात बसायचं. टोपलीला ओल्या मातीचा वास येतो, त्यात विडीचा आणि इंजिनाच्या धुराचा मिसळतो. "अळंबी घे की रं," त्यांच्यातली एक तुम्हाला म्हणते. तुम्ही म्हणता, संध्याकाळी घेतो, अक्का. कामावर कुठं नेऊ?

कारकुनांनी 'तरुण भारत' उघडलाय. पेपर एक, वाचणारे आठ. पहिलं पान कोर्टाकडे, खेळाचं पोरांकडे, आणि बाजारभाव तुमच्याकडे. मे महिन्यात मात्र या डब्यात पेपर वाचायला कुणी नव्हतं. आठ मेपासून सत्तावीस मेपर्यंत जॉर्ज फर्नांडिसांच्या हाकेवर देशभरची रेल्वे थंड होती. लोंढ्याच्या रेल्वे वसाहतीतली माणसं तुमच्या रोजच्या ओळखीची. गार्ड, फायरमन, गँगमन. पोलीस घरं धुंडाळत होते आणि तुमचा पास खिशात सुकत होता. तुम्ही बसनं गेलात, एकदा ट्रकच्या टपावर, दोनदा सायकलनं. वीस दिवसांत कळलं की खानापूर बेळगावला लागून नाहीच. रूळ आहेत म्हणून ते जवळ वाटतं. संप मोडल्यावर पहिल्या गाडीत कुणी त्याबद्दल फारसं बोललं नाही. लोंढ्याचा एक ओळखीचा चेहरा मात्र दिसला नाही, तो पुढंही दिसला नाही.

इदलहोंड गेलं. कुणीतरी स्टेशनच्या पाटीवरून विषय काढतो. राज्याचं नाव बदलून आठच महिने झालेत. १ नोव्हेंबर १९७३ ला म्हैसूरचं कर्नाटक झालं. तोच १ नोव्हेंबर, ज्या दिवशी १९५६ मध्ये हा मुलूख मुंबई राज्यातून काढून म्हैसूरला जोडला. तेव्हापासून मराठी माणूस त्या दिवशी काळा दिवस पाळतो आणि पलीकडचा बाकवाला राज्योत्सव. डब्यात दोघेही आहेत. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस त्यांच्यात वाद होतो तो खिडकी बंद करण्यावरून.

आता महाजन आयोगाचं ऐका, कारण ते तुमच्याबद्दल आहे. १९६७ मध्ये न्यायमूर्ती महाजनांनी सीमावादावर अहवाल दिला. बेळगाव शहर म्हैसूर राज्यातच राहावं, म्हणाले. पण निपाणी, खानापूर, नंदगड महाराष्ट्रात जावं. महाराष्ट्रानं अहवाल फेटाळला, कारण बेळगावाशिवाय कसली सीमा. भावनेनं ते बरोबर होतं. पण कारकूनसाहेब कागद वाचणारे; त्यांनी एकदा गाडीतच हिशेब मांडला. "समजा लागू झाला असता. आपलं घर महाराष्ट्रात. हापिस कर्नाटकात. म्हणजे आपण रोज सकाळी परराज्यात जाऊन संध्याकाळी परत. इदलहोंडपाशी नाका पडला असता, डबे उघडून बघितले असते." सगळे हसले. एक म्हातारा हसला नाही. त्यानं कॅसलरॉकचा नाका पाहिला होता; गोवा पोर्तुगीजांकडे असताना तिथं खरोखर गाठोडी उघडून बघत, आणि १९५५ मध्ये तर रूळच बंद झाला. "रुळावर नाका पडाय येळ लागत न्हाई," तो म्हणाला.

(पाट्यांवरून एक आठवलं. हिंदीत फलाटावर 'बेलगाम' लिहिलेलं असे. मराठी पोरांना त्यात बे-लगाम दिसायचं आणि रोज त्याच जागी तोच विनोद व्हायचा. विनोद वाईट होता. पण शहराचं नाव २०१४ मध्ये बदलून बेळगावी झालं तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा तोच आला.)

देसूर मागं पडतं. उजवीकडे-डावीकडे उद्यमबागेची पत्र्याची छपरं दिसू लागतात, फौंड्रीचा धूर पावसानं खाली दाबलेला. तिसऱ्या गेटपाशी सिग्नल नाही मिळाला तर गाडी रेंगाळते, आणि मग डब्यातले लेथवाले, ड्रिलवाले, मोल्डर एकामागोमाग खडीत उतरतात. हे कायद्यात बसत नाही. तिकीट तपासनीस दुसरीकडे बघतो; त्याचा भाऊही इथंच कामाला आहे. तुम्हीही उतरा. पाय आधी, डबा नंतर, छत्री कुणी वरून टाकेल. टिळकवाडीला पहिलं, दुसरं, तिसरं अशी रेल्वेची तीन गेटं आहेत आणि शहरातला माणूस आपला पत्ता त्यांवरून सांगतो. तुमचा पत्ताही त्यांवरून सांगता येईल: तिसऱ्या गेटापर्यंतचा माणूस.

कारण बेळगाव तुम्हाला एवढंच माहीत आहे. कारखाना, जेवणाच्या सुट्टीतला चहा आणि उप्पीट, पगाराच्या दिवशी खडेबाजार, घरी न्यायला पाव किलो कुंदा. सिनेमा पाहिलात तो ग्लोबला, मध्यंतरापर्यंत. शेवट गाडीत कुणीतरी सांगतो आणि तो खऱ्यापेक्षा बरा असतो. बेळगावची रात्र तुमच्या वाट्याला आलीच नाही. पु. ल. देशपांडे राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते त्या दिवसांतल्या गाण्याच्या बैठका, त्यांनी 'गणगोत'मध्ये अजरामर केलेले रावसाहेब, नाटकांच्या तालमी, इंदिरा संतांचं घर: बेळगाव म्हटलं की उरलेल्या महाराष्ट्राला जे आठवतं, ते सगळं शेवटची गाडी गेल्यानंतरचं आहे. तुम्ही या शहरात तीस वर्षं काम कराल आणि दिवे लागलेलं शहर तुम्ही फलाटावरूनच पाहाल.

संध्याकाळी दारातली पोरं दमलेली असतात, कारकून डुलक्या घेतात. मधल्या डब्यात टाळ सुरू होतात. कुणीतरी अभंग धरतो आणि इंजिनाच्या लयीत तो आपोआप बसतो. टोपल्या रिकाम्या, एकात एक घातलेल्या. अळंबी घ्यायची राहिली.

ठक्, पण थांबा. हे यंत्र निपाणीला चालणार नाही. निपाणीला स्टेशनच नाही.

इथं मुद्दाम आणलंय तुम्हाला, १९८१ च्या मार्चमध्ये. मिरजेहून बेळगावला येणारा रूळ पूर्वेकडून गेला, कुडची, रायबाग, घटप्रभेवरून. निपाणीच्या वाट्याला पुणे-बंगळूर रस्ता आला. त्या रुळावर 'चिकोडी रोड' नावाचं स्टेशन आहे, 'गोकाक रोड'ही आहे. रेल्वेच्या भाषेत रोड या शब्दाचा अर्थ: गाव इथं नाही, अजून चाला. निपाणीला तर तेवढंही नाही. कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट, आणि दोन्हीकडे बस. बसचा कंडक्टर पास बघतो, पण जागा ठरलेली नसते. रोजचे आठ जण एका बसमध्ये चढतात आणि आठ ठिकाणी उभे राहतात. डब्यात जे होतं ते बसमध्ये होत नाही. माझा हा पक्षपात असेल, असू दे.

शहराकडे जाण्याची सोय नसली की शहराचं काम गावात येतं, आणि ते चांगल्या रूपात येतंच असं नाही. स्टँडवरून उतरलात की नाकात झणका बसतो. तंबाखू. वखारींतून बायका तंबाखू चाळतात, धूळ नाकातोंडात. आणि घरोघरी विड्या वळल्या जातात. पानं, तंबाखू, सूत घरी आणायचं, हजार विड्या वळून परत द्यायच्या, आणि तिकडे मुकादम मूठभर 'छाट' म्हणून बाजूला काढणार. छाट काढलेल्या विडीचे पैसे नाहीत, पण ती परतही मिळत नाही. कामाला जायला गाडी नाही, यायला गाडी नाही; काम उंबऱ्यावर बसलेलं आहे आणि रात्रीही उठत नाही.

आज मात्र बसही नाही. चौदा मार्चपासून तंबाखूचे शेतकरी राष्ट्रीय महामार्गावर ठाण मांडून बसलेत. शेतकरी संघटनेचे शरद जोशी त्यांच्यात आहेत. रस्त्यावर चुली, रस्त्यावर बैलगाड्या, रस्त्यावरच भजन. कानडी शेतकरी आणि मराठी शेतकरी एकाच पंगतीत. भाव दोघांनाही सारखाच पडलेला. कोल्हापूरला कॉलेजला जाणारी पोरं चालत पुढच्या गावापर्यंत जातायत. पंधरवडा उलटला, तिसरा आठवडा सरला. सहा एप्रिलला पोलिसांनी गोळ्या घातल्या. त्या दिवसात मी तुम्हाला उतरवणार नाही.

चला परत रुळावर, आणि आता जरा भराभर. नव्वदच्या दशकात मीटर गेज उखडलं, ब्रॉडगेज आलं. डबे रुंद झाले, समोरच्याच्या गुडघ्याला गुडघा लागेनासा झाला. वाफ आधीच गेली होती. २००३ मध्ये हुबळी विभाग दक्षिण मध्यमधून निघून नव्या दक्षिण पश्चिम रेल्वेत गेला. पासवर शिक्का बदलला, एवढंच तुम्हाला कळलं. तारखेच्या छाप्याचं यंत्र खिडकीमागून कधी नाहीसं झालं, सांगता येत नाही. त्या जागी संगणक आला आणि मोठं, पातळ, घामानं पुसट होणारं तिकीट.

मार्च २०२०. फलाट रिकामा. या वेळी संप नाही, सगळा देशच बंद आहे. पुढं गाड्या सुरू झाल्या त्या 'स्पेशल' म्हणून. तीच पॅसेंजर, तेच डबे, पण किमान भाडं दहा रुपयांवरून तीस. बेळगावला नर्सिंगचं काम करणाऱ्या, दुकानात उभ्या राहणाऱ्या मुलींनी या दिवसांत स्कूटी घेतल्या, हप्त्यानं. पुन्हा दहा रुपये झाले ते २०२४ च्या फेब्रुवारीत. तोवर पुष्कळ जण डब्याची सवय विसरले होते.

आणि आता जुलै २०२५. तिकीट मोबाइलवर काढलंत, त्यामुळे ठक् नाही. तारीख काचेवर वाचा. पाऊस मात्र तोच. बेळगावला २०२३ पासून स्टेशनची नवी भव्य इमारत आहे, तिसऱ्या गेटाच्या जागी उड्डाणपूल आलाय, पत्ते अजून गेटांवरूनच सांगतात. खानापूरच्या फलाटावर तुम्ही उभे असताना वंदे भारत येते, हुबळीहून पुण्याला निघालेली. पाणी उडवत निघून जाते; खिडक्या बंद, आतली माणसं मोबाइलमध्ये. खानापूर तिच्या वेळापत्रकात नाही. बेळगावहून कित्तूरवरून थेट धारवाडला जाणारा सुमारे त्र्याहत्तर किलोमीटरचा नवा मार्ग मंजूर आहे. दिवंगत रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी त्यासाठी झटले होते. तो झाला की लोंढ्याचा वळसा वाचेल, असं सगळे आनंदानं सांगतात. ज्यांचं घर त्या वळशावर आहे, त्यांना कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही.

पॅसेंजर येते. गर्दी बेताची. देसूर-मच्छेच्या बाजूला भातखाचरांत लावणी चाललीय, अर्ध्या खाचरांत; उरलेल्यांत प्लॉट विकण्याच्या पाट्या. हलगा–मच्छे बायपासला सुपीक जमीन द्यायची नाही म्हणून इथले शेतकरी वर्षानुवर्षं भांडले. एवढी वर्षं तुम्ही शहरात जात होतात. आता शहर बाहेर पडून तुमच्याकडे यायला लागलंय, आणि त्याला संध्याकाळची परतीची गाडी नाही.

दारापाशी एक बाई टोपली पायांत धरून बसलीय. वर पान, खाली पांढरं काही. वास ओळखीचा.

"अळंबी घेनार काय, भाऊ?"

"संध्याकाळी घेतो, अक्का. परत येताना."

"परत येताना उरत न्हाईत," ती म्हणते, आणि पान सारून टोपली पुढं करते.